घरातला माणूस अटकेत गेला तर: सोलापूरकरांसाठी ठाण्यापासून जेलच्या फाटकापर्यंतची वाट

मी वकील नाही. चुलतभावावर मारामारीचा गुन्हा दाखल झाला तेव्हा ठाणं, कोर्ट आणि जेल अशी तिन्ही दारं झिजवली. तेव्हापासून गल्लीत कुणाकडे असा प्रसंग आला की लोक रात्री-अपरात्री मलाच फोन करतात. सगळ्यांचा गोंधळ सारखाच असतो. माणूस कुठल्या टप्प्यावर आहे तेच कळलेलं नसतं. कोर्टाने जेलमध्ये पाठवल्यावरही घरचे ठाण्यातल्या हवालदाराच्या मागे फिरत असतात. त्या हवालदाराच्या हातात आता काहीच नसतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोनच गोष्टी विचारा. आत्ता तो कुणाच्या ताब्यात आहे, आणि त्याचा कागद कुठल्या टेबलावर आहे?

वकील लागणारच. पण वकिलाकडे जाताना एवढं डोक्यात असलं तर तुमचं बोलणं दहा मिनिटांत होईल आणि त्यांचं तुम्हाला कळेलही.

१. धावपळीआधी कायद्याच्या चार गोष्टी

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. १८६० चं दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती, ते तिच्यात. अटक, रिमांड (म्हणजे कोठडीत ठेवायचा कोर्टाचा आदेश), जामीन हे सगळं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत. पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम. कट्ट्यावर अजून ‘तीनशे दोन’ आणि ‘चारशे वीस’च चालतं, पण कागदावर खून आता कलम १०३ आहे आणि फसवणूक कलम ३१८. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर मात्र जुनीच कलमं लागतात. कृत्य केलं त्या दिवशी जो कायदा होता त्यानेच शिक्षा, असं राज्यघटनेचं कलम २० सांगतं. त्यामुळे एफआयआरवर जुनं कलम दिसलं म्हणून ठाण्यात वाद घालू नका, आधी घटनेची तारीख बघा.

दुसरी गोष्ट हेतूची. दोघांच्या डोक्याला सारखीच जखम असेल, पण एका केसमध्ये साधी दुखापत म्हणून कलम ११५ लागतं आणि दुसरीत खुनाचा प्रयत्न म्हणून कलम १०९. पहिलं अदखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस अटक करू शकत नाहीत) आणि जामीनपात्र, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. दुसऱ्यात जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत जाता येतं. फरक कशाने पडतो? हातात काय होतं, वार कुठे केला, आधी धमकी दिली होती का, यावरून हेतू ठरवला जातो. म्हणून एफआयआर वाचताना कलमांचे आकडे बघून थांबू नका, खालचा मजकूर ओळीओळीने वाचा. जामिनाचा युक्तिवाद तिथूनच निघतो.

तिसरी: दोष सिद्ध करायचं ओझं सरकार पक्षावर असतं. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, आणि पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही. त्या जबाबातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग वापरता येतो.

चौथी गोष्ट सोलापूरला खरं तर सांगायला नको. गुन्हा कृत्याचा असतो, जन्माचा नसतो. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून कुंपणाआड ठेवल्या गेल्या, त्यातली एक सेटलमेंट याच शहरात होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या, पण वस्तीचं नाव आजही सेटलमेंटच आहे, आणि ‘त्या वस्तीतला ना?’ हा प्रश्नही अजून गेलेला नाही. कुणी विचारलाच, तर शांतपणे अटकेचं कारण लेखी मागायचं.

२. ‘उचलून नेलंय’ असा फोन आला

आधी ठाणं शोधा. सोलापुरात पोलिसांची दोन वेगळी घरं आहेत. शहर आयुक्तालयाकडे फौजदार चावडी, जेलरोड, जोडभावी पेठ, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी ही ठाणी. बार्शी, पंढरपूर, मोहोळ, अक्कलकोट वगैरे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. शहरातल्या ओळखीचा ग्रामीणला उपयोग नाही. आणि ‘जेलरोडला नेलंय’ असा निरोप आला तर आधी विचारा, जेलरोड ठाण्यात की खरंच जेलमध्ये? या एका शब्दापायी लोक चुकीच्या दारात उभे राहिलेले मी बघितलेत.

ठाणे अंमलदाराला विचारायचा प्रश्न: अटक केलीय, की नुसतं चौकशीला बोलावलंय? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय. अशा वेळी पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देतात. नोटीस मिळाली तर टाळू नका. ठरल्या वेळी वकिलासोबत जा आणि हजर राहिल्याची पोच घ्या. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही. अटक करायचीच तर कारण लिहून ठेवावं लागतं. नोटीस घेऊन घरी बसणाऱ्याला मात्र तीच नोटीस नडते.

अटक झालीच असेल तर या गोष्टी मागा:

- अटकेची कारणं लेखी, आणि आरोपीला कळेल त्या भाषेत. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. लगेच देता आली नाहीत तर रिमांडला उभं करण्याआधी किमान दोन तास द्यावी लागतात. आपल्याकडे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे बरेच, तेव्हा भाषेचा मुद्दा हलका समजू नका.
- अटक पंचनाम्यावर वेळ. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, आणि ते तास इथून मोजले जातात.
- नातेवाइकाला कळवल्याची नोंद.
- वैद्यकीय तपासणी. ती बहुतेक वेळा सिव्हिललाच होते. अंगावर मार असेल तर तिथल्या डॉक्टरांना तोंडाने सांगायचं आणि कागदावर आलं का ते विचारायचं.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. साठीच्या पुढच्या किंवा आजारी माणसाला तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याची जागा बाल न्याय मंडळापुढे; त्याला लॉकअप नाही, जेलही नाही. शाळा सोडल्याचा दाखला त्याच रात्री घेऊन जा.

ठाण्यात जाताना आधारची झेरॉक्स, चालू औषधं चिठ्ठीसह, आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून न्या. मोबाईल आत नेऊ देतीलच असं नाही.

सापळे दोन. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, ‘नुसती हजेरीची आहे’ म्हटलं तरी. आणि ‘साहेबांना सांगून कलम कमी करतो’ म्हणणारा कुणीतरी ठाण्याबाहेर चहाच्या गाड्यावर भेटतोच. तो बहुतेक वेळा साहेबांना ओळखतही नसतो. पैसे खुद्द आतूनच कुणी मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

चॅप्टर केस हा वेगळा प्रकार. सणाच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर पोलीस शांतता राखण्याचा बॉण्ड मागतात, त्यात गुन्हा सिद्ध झालेला नसतो. शहरात हे काम सहायक आयुक्तांपुढे चालतं, ग्रामीणला तहसीलदारांपुढे. अशी केस कोर्टात जाऊन शोधू नका.

३. पहिला रिमांड

हा टप्पा दहा-पंधरा मिनिटांत उरकतो आणि घरच्यांना काही कळत नाही. आरोपीला आणतात, नाव पुकारतात. मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ शेजारी पोलीस उभे असतात, सवयीने मान हलते, ‘नाही’. मारहाण झाली असेल तर बोलायची जागा हीच. इथे नोंद झाली नाही की पुढे कितीही सांगा, ‘तेव्हा का नाही बोललास?’ हा प्रश्न येतोच. आरोपीला हे आधी सांगून ठेवायचं काम वकिलाचं आणि तुमचं.

मग तपास अधिकारी पोलीस कोठडी मागतात: हत्यार जप्त करायचंय, साथीदार शोधायचेत. वकील विरोध करतात. आदेश दोनपैकी एक निघतो. पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, झाला तर माणूस परत ठाण्याच्या लॉकअपमध्ये. एमसीआर झाला तर न्यायालयीन कोठडी, म्हणजे जेल. गंमत अशी की ‘एमसीआर’ ऐकून घरात रडारड होते आणि वकिलाचा जीव भांड्यात पडतो. पोलिसांची चौकशी संपली आणि जामिनाचा अर्ज करायला वाट मोकळी झाली, असा त्याचा साधारण अर्थ असतो.

एक बदल ध्यानात ठेवा. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच मिळायची. आता एकूण १५ दिवसच, पण गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. म्हणून जेलमध्ये गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात आणला तर घाबरून जाऊ नका, वकिलाला कळवा.

वकील परवडत नसेल तर सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, ते जिल्हा न्यायालयातच आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. बाईला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही नाही. लोक अभिरक्षक कार्यालयाचे वकील हेच काम पूर्णवेळ करतात. हेल्पलाइन १५१००. ‘फुकटचा वकील काय लढणार’ ही समजूत सोडा. पैसे घेऊन तारखेला न येणारे मी जास्त बघितलेत.

४. जामीन: सगळ्यात जास्त चपला इथे झिजतात

जामीनपात्र गुन्हा असेल तर जामीन हा हक्क आहे आणि तो ठाण्यातच मिळतो. तिथे ‘कोर्टातून घ्या’ ऐकून परत फिरू नका.

अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही. तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. अर्ज आधी मॅजिस्ट्रेटकडे, फेटाळला तर सत्र न्यायालयात, तिथेही नाही तर उच्च न्यायालयात. सोलापूरकरांसाठी मोठा फरक इथे पडलाय: १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलंय. कुणी अजून ‘मुंबईचा वकील लावावा लागेल’ म्हणत असेल तर त्याची माहिती शिळी आहे. अटकेची नुसती भीती असेल तर अटकपूर्व जामीन, पण ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात कायद्याने तो बंद आहे. एनडीपीएस (अमली पदार्थ), मोक्का (संघटित गुन्हेगारी), पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार) यांना विशेष कोर्ट लागतं. त्यातल्या एनडीपीएस आणि मोक्कामध्ये जामिनाच्या अटी फारच कडक.

अर्ज दाखल झाला की कोर्ट सरकारी वकिलांचा आणि पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. निम्मा उशीर इथेच. आज से आला नाही, पुढची तारीख. तपास अधिकारी बंदोबस्तात आहेत, पुढची तारीख. सिद्धेश्वरची गड्डा यात्रा, आषाढीची पंढरपूर वारी अशा दिवसांत पोलीस खरोखर रस्त्यावर असतात, त्यामुळे या काळात से लवकर येईल अशी आशा ठेवू नका. वकिलाला रोज ‘जामीन कधी?’ विचारण्यापेक्षा ‘से आला का?’ विचारा.

आदेश निघाल्यावर खरी पळापळ. जामीनदारासाठी हे कागद आधीच गोळा करून ठेवा:

- जामीनदाराचं आधार, रेशन कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो
- शेती असेल तर ताजा ७/१२ आणि ८अ. शहरात घरपट्टीची पावती आणि उतारा
- नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ऑफिसचं ओळखपत्र
- कोर्टाने मागितलाच तर तहसीलचा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा) दाखला. याला वेळ लागतो, म्हणून मागणार का ते वकिलाला आधीच विचारा

सगळे मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. जामीनदार सख्ख्या नात्यातलाच पाहिजे असं नाही, पण त्याने आधी कुणाला जामीन दिला असेल तर ते लपवू नये. आवारात ‘रेडिमेड जामीनदार’ देणारे भेटतात. तो कागद खोटा निघाला तर नवा गुन्हा तुमच्या माणसावर बसतो. जामीनदार मिळतच नसेल तर वकिलाला रोख रकमेवर किंवा जातमुचलक्यावर (स्वतःच्याच हमीवर) सोडण्याचा अर्ज करायला सांगा. जामीन होऊनही पैशांअभावी आत अडकलेल्यांसाठी २०२३ पासून केंद्राची मदत योजना आहे, त्याची चौकशी विधी सेवा प्राधिकरणातच करा.

आता ती तारीख, जी बहुतेक घरं चुकवतात. पहिल्या रिमांडपासून ६० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्यापुढच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत ९० दिवसांची. पण तो आपोआप मिळत नाही. मुदत संपल्यावर आणि चार्जशीट दाखल होण्याआधी अर्ज पडला पाहिजे. सकाळी अर्ज राहिला आणि दुपारी चार्जशीट आलं, तर हक्क गेला. घरातल्या कॅलेंडरवर तो दिवस लाल पेनाने गोल करून ठेवा, आणि आदल्या दिवशी वकिलाला फोन.

लांबलेल्या केससाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, किंवा इतरांनी निम्मा, तर सुटकेचा विचार करावा लागतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि अंगावर एकाहून जास्त केस असतील तरी नाही.

आणि एक विनंती. जामीन झाला म्हणून चौकात ‘भाई इज बॅक’चा डिजिटल फलक लावू नका, मिरवणूक काढू नका. फिर्यादी तोच फोटो जामीन रद्द करायच्या अर्जाला जोडतो.

५. जेलच्या फाटकावर

सोलापूरच्या जिल्हा कारागृहात बहुतेक कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे. लांब शिक्षा लागली की येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात हलवतात. कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे घालता येतात; शिक्षा झालेल्याला जेलचे. आत घेताना झडती आणि वैद्यकीय तपासणी होते, अंगावरच्या वस्तू जमा करून नोंदवतात. अंगठी, साखळी, पाकीट तुम्ही कोर्टातच काढून घेतलेलं बरं.

मुलाकातीला जाण्याआधी दिवस आणि वेळ फोन करून विचारा, किंवा ई-मुलाकातच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा. मूळ ओळखपत्र लागतंच. ज्यांची नावं कैद्याने नातेवाईक म्हणून दिलीत त्यांनाच सहसा सोडतात, म्हणून पहिल्याच भेटीत आई, बायको, भाऊ अशी सगळी नावं आणि फोन नंबर नोंदवून घ्यायला सांगा. भेट काही मिनिटांची, मध्ये जाळी किंवा काच, आणि आजूबाजूला सगळेच एकदम बोलत असतात. तीन-चार मुद्दे हातावर लिहून जा: से, पुढची तारीख, औषध, घरचं ठीक. त्याला विचारायचं एकच, ‘वकीलपत्रावर सही झाली का?’ कैद्याची सही जेल अधिकाऱ्यांच्या साक्षीने होते आणि तो कागद मागे राहिला की अर्ज अडतो.

घरचा डबा बहुतेक चालत नाही, त्याला कोर्टाचा आदेश लागतो. खर्चाचे पैसे त्याच्या खात्यावर जेलच्या ठरलेल्या पद्धतीनेच भरा. सुटून आलेला कुणी ‘आत पोचवतो’ म्हणाला तरी त्याच्या हातात नाही. शुगर-बीपीची औषधं असतील तर चिठ्ठ्या जेलच्या डॉक्टरांसाठी द्या, आणि दाद लागली नाही तर वकिलामार्फत कोर्टात अर्ज. जातीवरून झाडलोट किंवा स्वयंपाकाचं काम वाटून देणं ३ ऑक्टोबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने घटनाबाह्य ठरलंय. बाईसोबत सहा वर्षांपर्यंतचं मूल राहू शकतं.

सुटकेचा आदेश संध्याकाळी जेल बंद व्हायच्या आत पोचला नाही तर रात्र आतच जाते. फाटकावर भांडून उपयोग नसतो. कोर्टातल्या बाबूंकडून कागद वेळेत निघतोय का, ते दुपारपासून बघा. दुसरी एखादी केस अंगावर असेल तर या आदेशाने सुटका होत नाही, तेही आधी तपासा.

६. नंतरच्या तारखा

चार्जशीटची प्रत आरोपीला मोफत मिळते. ई-कोर्ट्स ॲपमध्ये केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. ‘तारीख माहीत नव्हती’ म्हणून गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं. फिर्यादीने ‘मिटलं’ म्हटलं की केस संपत नाही. कायद्याने तडजोडयोग्य असेल तर कोर्टासमोर मिटवता येते, नाहीतर उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करायचा अर्ज लागतो.

शिक्षा झालीच तर निकालाची प्रत त्याच दिवशी मोफत मागा. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ६० दिवस. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर निकाल देणारं कोर्टच अपिलापुरता जामीन देऊ शकतं. हा अर्ज आधीच टाइप करून वकिलाच्या फाइलमध्ये तयार ठेवायला सांगा. आत गेलेल्याला वकील नसेल तर जेल अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं. फर्लो आणि पॅरोल, म्हणजे संचित रजा आणि अभिवचन रजा, या नंतरच्या गोष्टी. त्यांचे अर्ज जेलमधूनच सुरू होतात, आणि घराच्या पत्त्यावर पोलीस चौकशीला येतात तेव्हा घरात कुणीतरी हजर असावं लागतं.